दोन घागरींचे तळे

लातूरच्या माणसाने केवळ हौसेखातर घरात पाणी साठवावे काय? मुंबईच्या वाचकाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. मत्स्यालय म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय उभे राहते; पलीकडे समुद्र, अलीकडे काचा. पाण्याची वाण त्याला तेथे कशी आठवावी! लातूरकराला मात्र पाणी म्हटले की २०१६चा उन्हाळा आठवतो. मांजरा धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचा हुकूम निघाला होता. आणि १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन आगगाडी लातुरात शिरली. सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास करून आलेल्या त्या पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० टाक्यांची गाडी २५ लाख लिटर पाणी आणू लागली. ‘जलदूत’ हे तिचे नाव. वऱ्हाडाची वाट पाहावी तशी गावाने त्या गाडीची वाट पाहिली.

ज्या गावाने पाण्याची आगगाडी पाहिली, त्या गावात काचेची पेटी मांडून तीत हिरवी रोपे लावावयाची आणि त्यांतून लाल झिंगे हिंडताना पाहावयाचे, हे कोणाला खुपले तर त्यात नवल नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी ते एका वाक्यात सांगून टाकले : ‘‘सर, माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही झिंग्याला बंगला बांधायलाव का?’’

प्रश्न रास्त आहे. मराठवाड्यातल्या माणसाने तो टाळून पुढे जाऊ नये. माझे म्हणणे येवढेच की, ज्या पेटीतले पाणी घडोघडी उपसून फेकावे लागते ती पेटी आम्हांला परवडणारी नाही; पण ज्या पेटीत वनस्पतीच पाणी राखतात, ती परवडते. एवढेच कशाला, पाणी राखावे कसे याचा तो घरच्या घरी पाठच असतो. झिंग्यांची लहानशी, वनस्पतींनी भरलेली पेटी ही दुसऱ्या जातीची. तिला दोन घागरी पाणी लागते आणि माणसाची लुडबुड जितकी कमी तितकी ती चांगली चालते. या दिवाळीत ती कशी मांडावी, हेच आज सांगावयाचे आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीच्या मास्तराला त्यावाचून पुढे सरकता येत नाही. कोकणातला वाचक या प्राण्याला कोळंबी म्हणेल, अगदी बारीक असेल तर करंदी किंवा जवळा म्हणेल, आणि सोलून वाळवला की सोडे म्हणेल. एका प्राण्याला वयाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे इतकी नावे देणारी भाषा त्याला रोज पानात पाहणारी असली पाहिजे. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून सगळ्याला मिळून झिंगा हा एकच शब्द. आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी वाळलेला झिंगा दिसतो, तेवढीच आमची त्याची ओळख. मात्र जिवंत झिंगा आमच्या नद्यांत आहे. गोदावरीच्या काठच्या पाणवनस्पतींत हात घातला तर काचेसारखे पारदर्शक, बोटाच्या पेराएवढे जीव टणकन उडी मारून मागे सरतात. यांतल्या एका जातीचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्सिस. त्यातला ‘किस्टना’ म्हणजे इंग्रजी उच्चारातून आलेली आपली कृष्णा. १९८०च्या दशकात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी या झिंग्यावर पुष्कळ संशोधन केले. सांगावयाचे तात्पर्य हे की, झिंगा हा आमच्या गावात उपरा नाही.

तथापि पेटीसाठी हा नदीतला झिंगा प्रथम निवडू नये. मॅक्रोब्रॅकियम कुळातल्या नराला लांब नांग्या असतात आणि तो स्वभावाने भांडखोर असतो. लहान सोबत्याला खाऊनही टाकतो. नवशिक्याने निओकॅरिडिना या लहान, शांत जातीपासून सुरुवात करावी. बाजारात ती ‘रेड चेरी’ म्हणून मिळते. मूळची ती तैवान आणि पूर्व चीनकडची. रानात तिचा रंग मातकट असतो. पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लाल पिल्ले निवडून तिला कुंकवाचा रंग आणला. पूर्ण वाढलेला झिंगा इंचभर, आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून हिंडते आणि पायांनी त्यांना सारखा वारा घालते. तीन ते चार आठवड्यांनी अंड्यांतून जी पिल्ले निघतात ती आईबापांची हुबेहूब, फक्त तिळाएवढी. शेतीत वाढवतात त्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांना आरंभी मचूळ पाणी लागते. या चेरीला ती अडचण नाही. म्हणूनच दोन घागरींत तिचा वंश चालतो.

माशांचा नाद आमच्या भागाला नवा आहे असेही नाही. लातूरहून फार दूर नसलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकाला तो ठाऊक असतो, कारण त्यात जुन्या मराठी पदांचे नमुने सापडतात. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मासे कोणकोणते, त्यांना काय खाऊ घालावे आणि गळ कसा टाकावा, याची त्यात तपशिलाने चर्चा आहे. राजाचा विनोद मासा गळाला लागण्यात होता. आपला विनोद त्याला जगताना पाहण्यात आहे, एवढाच फरक.

परंतु बंद पात्रात पाणी न बदलता जीव जगवण्याची युक्ती मात्र लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने नीट मांडून दाखवली. रॉबर्ट वॉरिंग्टन हे त्याचे नाव. त्याने काचेच्या पात्रात वाळू घातली, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन गोल्डफिश सोडले. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू सोडतो, ही देवघेव ठीक जुळली; पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि चिकटा खाऊन फस्त केला, पाणी स्वच्छ झाले. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातले शहाणपण पाहा : नुसती जोडी जमवून संसार होत नाही, घरातला केर काढणारा तिसरा कोणी लागतो. आपल्या पेटीत ते काम झिंगा करतो. उठल्यापासून निजेपर्यंत तो काही ना काही टिपत असतो. त्याला शोभेचा प्राणी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो घरातला कामाचा माणूस आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी काचेची पेटी घ्यावी. वाळूसाठी आणि वरच्या काठासाठी जागा सोडली की तीत सुमारे ३० लिटर, म्हणजे दोन घागरी पाणी मावते. याहून लहान भांडे स्वस्त पडते, पण थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. भरलेल्या पेटीचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलोपर्यंत जाते, म्हणून ती फळीवर न ठेवता भक्कम मेजावर ठेवावी. जागा खिडकीपासून दूर, पश्चिमेच्या भिंतीला तर मुळीच नको. ज्याच्या घरी अजून जुने माळवद आहे त्याने खुशाल माजघर निवडावे. जाड मातीच्या भिंतींनी जो गारवा पिढ्यान्‌पिढ्या माणसांना दिला, तो झिंग्यांनाही मिळेल.

तळाशी दोन इंच वाळू. ती बादलीत घालून पाणी नितळ निघेतो धुवावी आणि हे धुण्याचे पाणी झाडांना घालावे. शेतातली माती, विशेषतः आमची काळी माती, तळाशी घालू नये. ती पाण्यात फुगते आणि सारी पेटी चिखलाची करते. शिवाय कापसा-सोयाबीनच्या रानात जी फवारणी झालेली असते ती झिंग्याला विष आहे. झिंगा हा कीटकांचा लांबचा भाऊबंद, हे विसरू नये. किड्याला मारणारे औषध झिंग्यालाही मारते. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या पेटीतले चाळीस झिंगे एका रात्रीत गेले. कारण शोधता शोधता एवढेच सापडले की, त्या संध्याकाळी घरात डासांसाठी फवारा मारला होता आणि पेटीचा हवेचा पंप तीच हवा पाण्यात ओतत होता.

दुसरे विष आपल्या देवघरात आणि स्वयंपाकघरात मानाने बसलेले असते. ते म्हणजे तांबे. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी सकाळी प्यावे, असे घरोघरी सांगतात. माणसाने ते खुशाल प्यावे. झिंग्याला त्यातला थेंबही देऊ नये. पाण्यात उतरलेले तांब्याचे अल्पसे अंशही कवचधारी प्राण्यांना सोसत नाहीत. म्हणून पेटीसाठी प्लास्टिकची किंवा स्टीलची घागर वेगळी ठेवावी आणि घरातल्या सर्वांस बजावून ठेवावे. माशांच्या रोगावरच्या काही औषधांतही तांबे असते, तेव्हा बाटलीवरचे नाव वाचल्यावाचून ती पेटीत ओतू नयेत. तुरटी फिरवलेले पाणीही टाळावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की त्यातला क्लोरीन उडून जातो.

राहिला बोअरच्या पाण्याचा प्रश्न. आमच्या पायांखाली काळा बेसाल्टी खडक आहे आणि त्यातून येणारे पाणी जड. बादलीला पांढरा थर, नळाला खपली, डाळ शिजता शिजत नाही. या पाण्याला आम्ही जन्मभर नावे ठेवतो. पण झिंग्याला आपले कवच त्यातल्याच चुन्यातून घडवावयाचे असते. अगदी मऊ पाण्यात त्याचे कवच कच्चे राहते. म्हणून चेरी जातीला आमचे पाणी जात्याच मानवते, फक्त ते फार जड नसावे. घरातले जलशुद्धी यंत्र दुरुस्त करावयास येणारा मनुष्य पेल्यात एक लेखणीसारखे यंत्र बुडवून आकडा वाचतो, ते सर्वांनी पाहिले असेल. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा तो आकडा. झिंग्यासाठी तो २०० ते ३५० असला की पुरे. बोअरचा आकडा ८०० आला तर त्यात साठवलेले पावसाचे किंवा यंत्राचे शुद्ध पाणी मिसळून तो खाली आणावा. यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र अधिकच जड असते, ते एकट्याने वापरू नये.

वनस्पती निवडताना आपली ऐपत पाहू नये, आळस पाहावा. ज्या रोपांना मंद उजेड चालतो आणि खतपाणी लागत नाही तीच घ्यावीत. जावा मॉस हे शेवाळासारखे दिसणारे रोप दगडाला दोऱ्याने बांधावे. पिल्लांचे ते माहेर. अनुबियास आणि जावा फर्न ही दोन्ही लाकडाला किंवा दगडाला बांधून ठेवावीत, त्यांचा जाड कंद वाळूत पुरला तर कुजतो. मागच्या बाजूस वॉरिंग्टनची व्हॅलिसनेरिया लावावी. ती आपल्या देशातल्या तळ्यांतही उगवते. आणि हॉर्नवर्ट ही मुळे नसलेली वनस्पती नुसती तरंगत सोडली तरी झपाट्याने वाढते आणि पाण्यातले अन्न शोषून घेते. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. अधिक उजेड दिला की काचेवर हिरवा थर चढतो आणि मग मालकाला खरवडत बसावे लागते. गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज घ्यावा. त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. वीज चार-सहा तास गेली तरी वनस्पती दाट आणि झिंगे माफक असतील तर पेटीतला संसार तग धरतो. आमच्या विजेचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गुणाची किंमत सांगावयास नको.

पाणी भरले, रोपे लावली, दिवा पेटला. आता झिंगे आणावेत ना? नाही. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. नव्या पाण्यात अजून ते सूक्ष्म जीव नसतात ज्यांच्यावाचून सारी मांडणी फुकट आहे. प्राण्याच्या मलमूत्रातून आणि सडक्या पाल्यातून अमोनिया निर्माण होतो; तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात; तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी, आणि तेच वनस्पतीचे खत. हे जीवाणू वाळूत, स्पंजात, पानांवर वस्ती करून बसण्यास चार ते सहा आठवडे घेतात. तोवर दोन दिवसांआड चिमूटभर अन्न पाण्यात टाकावे, म्हणजे त्यांना काम मिळते. कोणा परिचिताची जुनी पेटी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा आपल्या पेटीत ठेवावा. दुधाला विरजण लावतात तसे हे पाण्याला विरजण. पण विरजण लावलेले पातेले दर घटकेस हलवून पाहणाऱ्याचे दही लागत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तेवढाच संयम येथे हवा.

मग दहा-बारा झिंगे आणावेत. पिशवीतले पाणी आणि पेटीतले पाणी यांत फरक असतो, म्हणून त्यांना एका वाडग्यात काढून तास-दोन तास पेटीतले पाणी थेंबाथेंबाने त्यात सोडावे आणि मगच जाळीने उचलून पेटीत ठेवावे. सोबत मासे नकोत. मासा कितीही गरीब दिसला तरी तिळाएवढे पिल्लू त्याच्या तोंडात मावते.

अन्नाविषयी सांगावयाचे तर हात आखडता घ्यावा. आपल्या संस्कृतीत पाहुण्याला आग्रह करण्याची रीत आहे. झिंग्याला तो आग्रह मानवत नाही. वाळूवर आणि पानांवर साचणारा बारीक थर हाच त्याचा रोजचा स्वयंपाक. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचे एखादे पान किंवा दोडक्याची चकती पुरे. उरलेला तुकडा चार-पाच तासांनी काढावा. भाजी फवारणीची नसेल याची खात्री हवी. कायमचा शिधा म्हणून देशी बदामाचे गळून वाळलेले पान पेटीत टाकावे. शाळा-कॉलेजांच्या आवारात हे झाड असतेच. पान आठवडे-महिने सावकाश कुजते आणि झिंगे त्याची जाळी होईस्तो त्यावर बसून असतात. मुलांना ही जाळी दाखवावी. वहीत ठेवलेल्या पिंपळपानाची आठवण होते.

एक दिवस पेटीच्या तळाशी मेलेला झिंगा दिसेल. पांढरा, पोकळ, पायांसकट. तो काढून टाकण्याची घाई करू नये. बहुधा ती कात असते. वाढावयाचे तर झिंग्याला जुने कवच टाकावेच लागते. कात केव्हा टाकावी याचे नियंत्रण करणारी ग्रंथी त्याच्या डोळ्यांच्या देठांत असते. नवे कवच कठीण होईपर्यंत तो बिचारा पानांआड लपून बसतो, म्हणून दाट रोपे हवीत. आणि टाकलेली कात तो स्वतः किंवा त्याचे सोबती खाऊन टाकतात. त्यातला चुना पुन्हा अंगी लागतो. वाया काही जात नाही.

आता खरी परीक्षा : आमचा उन्हाळा. चेरीला वीस ते अठ्ठावीस अंश तापमान सुखाचे. तीस अंशांच्या वर तिची दमछाक होते. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, तेथे तो आणखी चढतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. इकडे उष्णतेने प्राण्याची भूक आणि श्वास वाढलेला, तिकडे हवा कमी. अशा वेळी बर्फाचे खडे टाकणे हा अघोरी उपाय. तापमान एकदम उतरल्यानेही झिंगे दगावतात. आपल्या घरात याचे उत्तर शेकडो वर्षे आहे, ते म्हणजे रांजण. रांजणातले पाणी पाझरते, बाहेर वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. पेटीवरचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठावर एक लहान पंखा सोडावा. आमची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे पाणी दोन ते चार अंशांनी सहज उतरते. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही. कोरडेपणाचा फायदा झाल्याचे उदाहरण मराठवाड्यात विरळा. हे एक टिपून ठेवावे.

पंख्याने उडालेले पाणी भरून काढावे लागते, आणि येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उडते ते नुसते पाणी. क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालताना बोअरचे पाणी घालत राहिले तर महिनाभरात पेटी खारट विहीर होते. भर घालावी ती पावसाच्या किंवा यंत्राच्या शुद्ध पाण्याची. पहिला पाऊस पत्र्यावरची धूळ धुण्यासाठी सोडून द्यावा आणि पुढच्या सरींचे दोन-चार डबे झाकून ठेवावेत.

आता काकूंच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. आरंभी दोन घागरी. पुढे आठवड्यास तीन लिटर पाणी काढावे आणि तितकेच घालावे. म्हणजे पाच आठवड्यांस एक घागर. काढलेले पाणी मोरीत जात नाही. त्यात नायट्रेटचे खत असते. ते तुळशीला, कढीपत्त्याला जाते, म्हणजे जे पाणी आपण कुंडीला घालणारच होतो ते वाटेत झिंग्यांच्या घरी मुक्काम करून येते. उरते ती उन्हाळ्यात उडणारी भर. खोली गार करणाऱ्या कूलरला एका उन्हाळी दिवसात जेवढे पाणी लागते, त्यात आठवड्याची भर सहज भागते. आणि उद्या पुन्हा २०१६ सारखे वर्ष आले तर? तर पाणी बदलणे महिनाभर थांबवावे, अन्न निम्मे करावे, रोपे वाढू द्यावीत. पेटी सुकत नाही आणि कोणाच्या तोंडचे पाणीही काढून घेत नाही. ज्या पेटीला हे जमत नाही ती पेटी आमच्या गावात मांडू नये, हे मात्र काकूंचे मला पूर्ण मान्य आहे.

शेवटी एक कळकळीची विनंती. दोन घागरींत दहा झिंग्यांचे वर्षभरात शंभर होऊ शकतात. ‘बिचारे मोकळे होतील’ म्हणून त्यांना मांजरेत किंवा गोदावरीत सोडू नये. नांदेडच्या वाचकाने नदीकाठी जाऊन जलपर्णीची हिरवी चादर पाहावी. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. तिचे जांभळे फूल सुंदर म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती हिंदुस्थानात पोहोचली आणि आज तिला उपसण्यासाठी यंत्रे लावावी लागतात. तिलापिया मासा १९५२ साली आपल्याकडे आणला गेला आणि पुढे अनेक जलाशयांत त्याने देशी माशांची जागा बळकावली. चेरी इंचभराची आहे खरी, पण आमच्या नदीत काचेसारखा पारदर्शक देशी झिंगा राहतो आणि ते घर त्याचे आहे. म्हणून वाढलेले झिंगे शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावेत, तुळशीचे रोप देतो तसे. सोबत मॉसचा एक झुपका आणि स्पंजाचे विरजणही द्यावे. दुकानदार परत घेत असेल तर त्याला द्यावेत. वापरलेले पाणी आणि रोपांची कातरणही नदीनाल्यात न टाकता मातीत जिरवावी.

मुहूर्त विचाराल तर दिवाळीसारखा दुसरा नाही. पाऊस संपलेला, डबे भरलेले, ऊन निवलेले. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास पेटीत पाणी भरले तर दत्तजयंतीपर्यंत बरोबर सहा आठवडे होतात. माहूरच्या गडावर दत्ताची यात्रा भरेल तेव्हा आपल्या पेटीतही पहिले पाहुणे उतरावेत. संक्रांतीच्या थंडीत ते स्थिरावतील, आणि महाशिवरात्रीच्या आसपास एखाद्या मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसू लागतील. तोवर आपण फारसे काही करावयाचे नाही. काढलेले पाणी कुंडीत घालावयाचे, पान गळले तर गळू द्यावयाचे, आणि संध्याकाळी दिवा लागला की खुर्ची ओढून दहा मिनिटे बसावयाचे.